मत्स्यपेटीतील गोगलगाई : उपयोग व दक्षता

गावातील शाळेत, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात किंवा एखाद्या हौशी शेतकऱ्याच्या ओटीवर काचेच्या पेटीत मासे पाळलेले आता पुष्कळ ठिकाणी दृष्टीस पडतात. पेटी नवी असते तेव्हा पाणी नितळ असते. परंतु महिना-दीड महिना लोटला की काचेवर शेवाळाचा हिरवट थर धरतो, तळाच्या वाळूत माशांनी न खाल्लेले अन्न साचते आणि पाण्यास वास येऊ लागतो. अशा वेळी कोणीतरी सुचवितो की, तळ्यातील चार गोगलगाई आणून सोडाव्यात, म्हणजे सर्व साफ होईल. हा सल्ला अर्धाच खरा आहे. उरलेला अर्धा भाग ध्यानात न घेतल्यास पेटीचे, आणि पुढे गुराढोरांचे व भातशेतीचेही नुकसान होण्याचा संभव असतो.

गोगलगाय काय करते?

गोगलगाईच्या मुखात कानशीसारखी खरखरीत जीभ असते. तिने ती काचेवरील व दगडावरील कोवळे शेवाळ खरवडून खाते. कुजलेली पाने, उरलेले अन्न व मेलेला मासा हेही तिचे खाद्य होय. दगडांच्या फटीत जेथे आपला हात पोहोचत नाही तेथील उष्टे ती वेचून काढते, हा तिचा खरा उपयोग.

परंतु खाल्लेले अन्न नाहीसे होत नाही. गुरे कडबा खातात म्हणून गोठा झाडावा लागत नाही, असे कधी होते काय? गोगलगाईची विष्ठाही त्याच पाण्यात पडते व तिच्यापासून माशांस घातक असा अमोनिया तयार होतो. म्हणून गोगलगाय ही मदतनीस आहे. ती मालकाच्या कामाचा पर्याय नव्हे.

मूळ कारण दूर करावे

शेवाळ वाढते ते उजेड आणि पाण्यातील खतद्रव्ये यांच्या जोरावर. याकरिता पेटी खिडकीच्या थेट उन्हात ठेवू नये व दिवा दिवसातून सहा ते आठ तासांहून अधिक लावू नये. मासे दोन-तीन मिनिटांत संपवितील एवढेच अन्न घालावे. दर आठवड्यास सुमारे चौथा हिस्सा पाणी बदलावे. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर घातलेली असल्यास ते उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून मगच वापरावे.

गोगलगाई एकाएकी फार वाढल्या, तर अन्न जास्त पडत आहे असे खुशाल समजावे. त्यांची संख्या ही आपल्या हाताच्या सढळपणाचे मापच होय.

कोणत्या व किती?

चकतीसारख्या चपट्या वेटोळ्याच्या शंखाची लहान गोगलगाय शेवाळ व उष्टे दोन्ही खाते. लांबट, टोकदार शंखाची गोगलगाय दिवसा वाळूत दडून राहते व वाळू खालीवर करते. दुकानात मिळणारी नेराइट जातीची गोगलगाय शेवाळ उत्तम खाते आणि तिची अंडी गोड्या पाण्यात वाढीस लागत नाहीत. त्यामुळे तिची पैदास बेसुमार होत नाही. तळ्यातील मोठी, झाकणाच्या शंखाची गोगलगाय मात्र पाणवनस्पती फस्त करते, म्हणून ती टाळावी.

60 सेंटिमीटर लांब, 30 रुंद व 30 उंच पेटीत सुमारे 54 लिटर पाणी मावते. तीत आरंभी तीन ते पाच लहान गोगलगाई पुरेत. अधिक झाल्यास सायंकाळी कोबीचे पान तळाशी ठेवावे व सकाळी त्यावर जमलेल्या गोगलगाईंसह उचलून घ्यावे. मेलेली गोगलगाय तत्काळ काढावी. ती कुजून पाणी नासते.

शंख बनण्यास चुना लागतो. विहिरीच्या जड पाण्यात शंख चांगला वाढतो, हलक्या आंबट पाण्यात तो झिजतो. द्राक्षबागाईतदारांच्या परिचयाचे मोरचूद गोगलगाईस अत्यंत विषारी आहे. माशांच्या काही औषधांतही तांबे असते. असे औषध घालण्यापूर्वी गोगलगाई बाहेर काढाव्यात.

तळ्यातील गोगलगाई थेट आणू नयेत

गुरांच्या यकृतातील चपट्या कृमींची अंडी शेणावाटे पाण्यात पडतात. त्यांतून निघालेले सूक्ष्म जीव पाणगोगलगाईच्या शरीरात शिरून तेथे वाढतात, मग बाहेर पडून गवतास व भाताच्या काडास चिकटतात आणि वैरणीबरोबर पुन्हा जनावराच्या पोटात जातात. दुसऱ्या एका जातीचे कृमी गोगलगाईतून निघून जनावराच्या कातडीतून आत शिरतात. नाकाच्या शिरांत वाढून ते गुरांस घोरण्याचा रोग जडवितात. माणसासही हा धोका अगदीच नाही असे नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावी माणसांच्या मूत्रमार्गात होणारा अशाच जातीच्या कृमींचा विकार 1952 साली नोंदविला गेला.

यावर उपाय सोपा आहे. पाणवनस्पतीच्या पानामागे बुळबुळीत अंड्यांचे पुंजके असतात. ते पान धुऊन वेगळ्या बरणीत ठेवावे. एक-दोन आठवड्यांत निघणारी पिल्ले पेटीत सोडावीत. हे कृमी अंड्यावाटे उतरत नाहीत. म्हणून जेथे शेण-मूत्राचा संपर्क नाही अशा पाण्यात जन्मलेली पिल्ले निर्धोक असतात. पेटीत काम केल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत.

पेटीतील गोगलगाई बाहेर सोडू नयेत

दक्षिण अमेरिकेतील सोनेरी गोगलगाय 1980 च्या सुमारास माणसांच्या खाण्यासाठी तैवानमध्ये नेण्यात आली. ती शेतांत पसरली आणि फिलिपाइन्ससह अनेक देशांत भाताच्या कोवळ्या रोपांची वैरी ठरली. दुकानात शोभेसाठी मिळणारी मोठी पिवळी गोगलगाय त्याच कुळातील आहे. 2022 च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीनची रोपे खाणाऱ्या शंखी गोगलगाई जमिनीवरच्या, निराळ्या जातीच्या होत. परंतु एकदा पसरलेली गोगलगाय आवरणे किती कठीण, हे त्या शेतकऱ्यांस विचारावे.

म्हणून नको असलेल्या गोगलगाई ओढ्यात, गटारात, शेततळ्यात किंवा भातखाचरात कधीही टाकू नयेत. त्यांवर उकळते पाणी ओतून त्या खड्ड्यात पुराव्यात. पेटीतील जुने पाणी कुंडीतील झाडांस घालावे. ते उत्तम खतपाणी होय.

ग्रामसेवकांनी व शिक्षकांनी शाळेतील मत्स्यपेटीपाशी मुलांस एवढ्या दोन गोष्टी समजावून द्याव्यात : तळ्यातील गोगलगाय पेटीत आणावयाची नाही आणि पेटीतील तळ्यात सोडावयाची नाही. हे मुलांच्या अंगवळणी पडले, तर त्या लहानशा पेटीने गावातील गोठ्यांचे व खाचरांचेही रक्षण केले असे होईल.