एका आवाजात मावलेली चाळ

‘स्टँड-अप’ म्हणजे सहकलाकार, नेपथ्य किंवा वेशांतर यांचा आधार न घेता एकाच कलावंताने श्रोत्यांशी थेट बोलत केलेले विनोदी निवेदन. अशा निवेदनाभोवती ब्रिटिश दूरचित्रवाणीने मालिका उभ्या केल्या असून, त्यांपैकी ‘स्ट्युअर्ट लीज कॉमेडी व्हेइकल’ ही बीबीसीवर २००९ ते २०१६ या काळात चार पर्वांत दाखवली गेलेली मालिका विशेष लक्षणीय आहे. तिच्या प्रत्येक भागात एकच माणूस एकच विषय धरून बोलत राहतो आणि तेच वाक्य इतक्या वेळा उच्चारतो की श्रोत्यांचे हसू आधी ओसरते व मग त्या पुनरुक्तीमुळेच दुपटीने परतते.

मराठी दूरचित्रवाणीवर अशी मालिका मूळ धरू शकली नाही, मात्र ही कला महाराष्ट्राला नवी नाही. नारदीय कीर्तनाच्या पूर्वरंगात अभंगाचे निरूपण झाल्यावर उत्तररंगात आख्यान सुरू होते, तेव्हा कीर्तनकार मान डावीकडे वळवून राजा होतो, उजवीकडे वळवून दूत होतो, आणि मधल्या क्षणी समोरच्या श्रोत्यांना चिमटाही काढतो. एकपात्री प्रयोगाचे सारे व्याकरण तेथेच तयार झाले आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

या परंपरेचा आणि ब्रिटिश दूरचित्रवाणीचा प्रत्यक्ष संबंध पु. ल. देशपांडे यांच्या रूपाने आला. आकाशवाणीत असताना त्यांना प्रशिक्षणासाठी बीबीसीकडे पाठवण्यात आले होते, त्या प्रवासातून ‘अपूर्वाई’ हे पुस्तक झाले, आणि १९५९ साली दिल्लीत सुरू झालेल्या दूरचित्रवाणीच्या आरंभीच्या काळात त्यांनी काम केले. तरीही त्यांचा एकट्याचा आवाज खऱ्या अर्थाने भरून आला तो रंगमंचावर. ‘बटाट्याची चाळ’ हे १९५८ चे पुस्तक त्यांनी पुढे एकपात्री रूपात सादर केले. त्यातील ‘उपास’ या भागात वजन उतरवण्याचा निश्चय केलेल्या गृहस्थाला चाळीतील प्रत्येक शेजारी आहाराविषयी परस्परविरोधी सल्ला देतो, आणि पात्र बदलले हे केवळ स्वरावरून, हेलावरून आणि शब्दांच्या निवडीवरून श्रोत्यांना कळते.

डॉ. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या प्रयोगात हीच शक्ती मराठवाडी बोलीच्या बळावर कितीतरी पुढे नेली. सुमारे तीन तासांत ५२ व्यक्तिरेखा एकट्याने उभ्या करणाऱ्या या प्रयोगाची नोंद गिनीज बुकातही झाली. बोली दूरची असली तरी ती इतर भागांतील श्रोत्याला अडवत नाही, कारण गाव बदलले की हेल बदलतो हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

मराठी वाहिन्यांनी मात्र अनेक पात्रांचे छोटे विनोदी नाट्यप्रवेश, म्हणजे ‘स्किट’, हा प्रकार स्वीकारला. ‘फू बाई फू’, २०१४ मध्ये सुरू झालेला ‘चला हवा येऊ द्या’ आणि ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ हे त्याचे लोकप्रिय नमुने होत. त्यांनी गुणी नट घराघरांत पोहोचवले, ही मोठीच कामगिरी आहे. एकट्याचे बोलणे मराठीत पुन्हा जोमाने आले ते यूट्यूबच्या आसऱ्याने, ‘भाडिपा’सारख्या मंडळींच्या स्टँड-अप कार्यक्रमांतून.

तथापि स्किटमध्ये एक गोष्ट सहसा हाती लागत नाही, ती म्हणजे थांबण्याची मोकळीक, कारण दुसरे पात्र उत्तरासाठी उभेच असते आणि जाहिरातीची वेळही जवळ आलेली असते. एकपात्री कलावंत गप्प राहू शकतो. पुलंनी चाळीचा शेवट ‘चिंतना’ने केला, इतका वेळ हसवणारी ती वास्तू तेथे म्हातारी होते, तिचे दिवस भरत आल्याचे जाणवू लागते, आणि निवेदकाचा आवाज खाली येतो तसे सभागृहही शांत होत जाते.