विश्लेषण : फँटसी चित्रपटांची 'आर्ट बुक' नेमकी कशासाठी असतात?

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधली मिनास तिरिथ ही पांढरी नगरी जगाच्या नकाशावर कुठेच नाही. ती आधी कागदावर उतरली, मग तिची १:७२ प्रमाणातली प्रतिकृती तयार झाली आणि शेवटी ती पडद्यावर आली. प्रेक्षकाला दिसते फक्त शेवटची पायरी. आधीच्या पायऱ्या पाहायच्या तर चित्रपटासोबत निघणारे 'आर्ट बुक' उघडावे लागते. ही पुस्तके म्हणजे चाहत्यांसाठी महागडी आठवण, की आणखी काही?

आर्ट बुकमध्ये काय असते?

एखादे शहर, पात्र, शस्त्र किंवा प्राणी कसा दिसावा हे ठरवण्यासाठी काढलेल्या चित्रांना 'कन्सेप्ट आर्ट' म्हणतात. पेन्सिलीची रेखाटने, रंगचित्रे, डिजिटल चित्रे, मातीचे छोटे नमुने आणि त्यावर चित्रकारांच्या टिपा, असा ऐवज आर्ट बुकमध्ये असतो. चित्रपटातील छायाचित्रांच्या पुस्तकापेक्षा हे वेगळे. ते पुस्तक काय घडले हे दाखवते. आर्ट बुक ते कसे ठरले हे सांगते.

एका चित्राने काय बदलते?

'स्टार वॉर्स' १९७७ मध्ये आला आणि 'द आर्ट ऑफ स्टार वॉर्स' हे पुस्तक १९७९ मध्ये. या चित्रपटाची सुरुवातीची चित्रे राल्फ मॅक्वॉरी यांनी काढली. ते पूर्वी बोइंग कंपनीसाठी तांत्रिक चित्रे काढत. खलनायक डार्थ व्हेडर एका यानातून दुसऱ्या यानात जाणार, मग पोकळीत श्वास कसा घेणार, हा प्रश्न त्यांना पडला आणि त्यातून तो प्रसिद्ध मुखवटा आला. पुढे त्या श्वासाचा आवाज हीच व्हेडरची ओळख बनली.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे वेगळेपण काय?

ॲलन ली आणि जॉन हाऊ हे चित्रपटाआधीपासूनच टॉल्किन यांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढत होते. कादंबरीच्या १९९१ च्या सचित्र आवृत्तीत ली यांची ५० जलरंगचित्रे होती. दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी दोघांनाही न्यूझीलंडला बोलावून घेतले. गॅरी रसेल यांचे 'द आर्ट ऑफ द फेलोशिप ऑफ द रिंग' २००२ मध्ये आले. पुढच्या दोन्ही भागांचीही अशीच पुस्तके निघाली. तिसऱ्या भागाला ११ ऑस्कर मिळाले. त्यातल्या कलादिग्दर्शनाच्या ऑस्करमध्ये ग्रँट मेजर आणि डॅन हेना यांच्यासोबत ली यांचेही नाव होते.

नाकारलेली चित्रे का छापतात?

कारण खरा धडा तिथेच असतो. पहिल्या भागात ओझरता दिसणारा गोलम आणि दुसऱ्या भागातला गोलम एकसारखे नाहीत. अभिनेते अँडी सर्किस यांची निवड झाल्यावर त्यांच्या चेहऱ्याशी मेळ बसावा म्हणून त्याचे रूप नव्याने घडवले गेले. यंत्राच्या अंतिम आराखड्यात मापे मिळतात, तीच का निवडली हे कळत नाही. चित्रपटाचेही तसेच. ॲनिमेशन किंवा डिझाइन शिकणाऱ्याला ते 'का' हवे असते.

चित्रकाराच्या हाती काय लागते?

अशा चित्रांचे हक्क सहसा स्टुडिओकडे असतात. गोपनीयतेच्या करारामुळे चित्रपट येईपर्यंत चित्रकाराला स्वतःचे काम दाखवताही येत नाही. श्रेयनामावली सुरू होईपर्यंत थिएटर रिकामे होऊ लागलेले असते. शिवाय आता एआय काही सेकंदांत चित्र तयार करून देते. त्यामुळे कोणती कल्पना कोणाच्या हातून आली, याची छापील नोंद अधिकच मोलाची ठरते.

आपल्याकडे काय परंपरा आहे?

१९२० चा 'सैरंध्री' दिग्दर्शित करणारे कोल्हापूरचे बाबूराव पेंटर मुळात चित्रकारच. पात्रे आणि वेशभूषा ते आधी कागदावर रेखाटत. पुढे बोलपटांच्या काळात टॉकीजबाहेर गाण्यांच्या पुस्तिका मिळू लागल्या. रसिकांनी त्या वर्षानुवर्षे जपल्याही. त्यात गीते होती, कलाकारांची नावे होती. सेटची रेखाटने मात्र नसत.

विकत घेताना काय पाहावे?

तीन गोष्टी पाहा. चित्रपटातील तयार दृश्यांपेक्षा रेखाटने जास्त आहेत का? बाद झालेले पर्याय दिले आहेत का? आणि प्रत्येक चित्राखाली चित्रकाराचे नाव आहे का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर पुस्तक कितीही देखणे असले तरी त्याचे मुख्य काम अर्धवट राहिले, असे समजायला हरकत नाही.