नाताळची सुटी, पार्श्वजन्मकल्याणक आणि रंगमंचावरची मुले

डिसेंबर उजाडला की वाशीम जिल्ह्यातील शाळांमधून स्नेहसंमेलनाची लगबग सुरू होते. बाके भिंतीला सरकतात, पडद्यासाठी दोरी ताणली जाते आणि एरवी वर्गात तोंड न उघडणारा विद्यार्थी राजाच्या आवाजात बोलू लागतो. नेमक्या याच दिवसांत बाजार समित्यांच्या आवारात कापूस व सोयाबीनची आवक असते आणि तुरीची चाहूल लागलेली असते. दुकानावर बसलेल्या माणसाला मान वर करण्याची सवड नसते. व्यापारी घरांत म्हणूनच मुलाचे नाटक आई पाहते आणि वडील 'पुढच्या वर्षी नक्की' असे सांगतात. अशी तीन-चार 'पुढची वर्षे' गेली, की मुलगा शिक्षणासाठी पुण्याला वा नागपूरला निघून जातो.

नाताळच्या सुटीत होणाऱ्या बालनाट्यांचा आणि युवकांच्या नाट्यप्रयोगांचा जैन समाजाने थोडा अधिक गांभीर्याने विचार करावा, यासाठी एवढे एक कारण पुरेसे आहे. परंतु याहून मोठी कारणेही आहेत.

एकाच आठवड्यातील दोन जन्मोत्सव

नाताळ हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. येशूजन्माचा प्रसंग माणसांकरवी आणि जिवंत जनावरांसह उभा करण्याची प्रथा इटलीतील ग्रेच्चो या गावी संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली रुजविली, असे मानले जाते. ज्यांना धर्मग्रंथ वाचता येत नव्हता, त्या सामान्य माणसांना जन्मकथा डोळ्यांनी पाहता यावी, ही त्यामागील दृष्टी होती. जगभरच्या चर्चमध्ये आणि शाळांमध्ये मुले आजही त्या नाटिका करतात.

जैन पंचांगात तेविसावे तीर्थंकर भगवान पार्श्वनाथ यांचे जन्मकल्याणकही याच सुमारास येते. महाराष्ट्रातील गणनेप्रमाणे मार्गशीर्ष वद्य दशमीस श्वेतांबर परंपरेत आणि एकादशीस दिगंबर परंपरेत ते साजरे होते. गुजरातीभाषक घरांत त्यास 'पोष दशमी' म्हणतात. २०२४ साली दशमी २५ डिसेंबरला, तर एकादशी २६ डिसेंबरला होती. दरवर्षी तारखा इतक्या जुळत नाहीत. पण डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या आरंभापर्यंतच्या काळात हा दिवस येतो. ज्या जिल्ह्यात मालेगाव तालुक्यातील शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथांचे प्राचीन तीर्थ आहे, त्या जिल्ह्यातील मुलांना पार्श्वकथा रंगमंचावर उभी करण्यास याहून अनुकूल काळ कोणता?

मराठी रंगभूमीलाही डिसेंबर लाभलेला आहे. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकाचा पहिला प्रयोग २० डिसेंबर १९६७ रोजी झाला आणि अवघ्या चार दिवसांनी, २४ डिसेंबरला, 'कट्यार काळजात घुसली' रंगमंचावर आले. 'कट्यार'चे लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर हे नागपूरचे. तेथे त्यांनी 'रंजन कला मंदिर' उभारले आणि मुलांसाठीही नाटके लिहिली. सुधा करमरकर यांनी मुंबईत १९५९ साली 'लिटल थिएटर' स्थापन केले. त्या संस्थेचे पहिले नाटक 'मधुमंजिरी' रत्नाकर मतकरी यांनी लिहिले होते. मुलांचे नाटक तेवढ्याच निष्ठेने, नेपथ्य-प्रकाशयोजनेसह करावयाचे असते, हा आग्रह मराठीत या मंडळींनी रुजविला.

वत्सगुल्माचा वारसा

वाशीम म्हणजे पूर्वीचे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी राजशेखराने 'काव्यमीमांसा' या ग्रंथात एक रम्य रूपक सांगितले आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून निघाला, तेव्हा त्यास वश करण्यासाठी गौरीने साहित्यविद्यावधू निर्माण केली. ती त्याच्यामागे देशोदेशी फिरली. प्रत्येक देशात तिने निराळा वेष धारण केला, निराळे नृत्य केले. अखेर विदर्भातील वत्सगुल्म नगरात त्या दोघांचा गांधर्वविवाह झाला. वेष, नृत्य आणि वाणी यांचे एकत्र येणे म्हणजेच नाट्य. त्या मीलनाचे स्थान म्हणून राजशेखराने वाशीमचे नाव घेतले, ही गोष्ट जिल्ह्यातील प्रत्येक शाळेच्या स्नेहसंमेलनात सांगण्यासारखी आहे.

जैन परंपरा आणि नाट्य

नाटक आणि धर्म यांचा मेळ बसतो काय, असा प्रश्न जुन्या पिढीच्या मनात असतो आणि तो अस्थानी नाही. शास्त्रांनी विकथा वर्ज्य सांगितली आहे. व्रतस्थासाठी नृत्य-गीताचा संयमही सांगितला आहे. तरीही परंपरेचे चित्र एकरंगी नाही. 'राजप्रश्नीय सूत्रा'त सूर्याभ देव भगवान महावीरांसमोर बत्तीस प्रकारची नाट्ये सादर करतो आणि त्यांतील अखेरचे महावीरांच्या चरित्रावरील असते. त्याने अनुज्ञा मागितली, तेव्हा भगवंत मौन राहिले. त्या मौनाचा अर्थ आचार्यांनी आपापल्या परीने लावला आहे. विचारी श्रावकाला त्यातून एवढे तर कळतेच, की नाट्याचे मोल त्यामागील भावावर ठरते.

आदिपुराणातील नीलांजनेचा प्रसंग याहून बोलका आहे. ऋषभदेवांच्या सभेत नृत्य करीत असतानाच तिचे आयुष्य संपले. रसभंग होऊ नये म्हणून इंद्राने तत्क्षणी तिच्या जागी दुसरी नर्तकी उभी केली. सभेला काही कळले नाही. ऋषभदेवांना मात्र कळले आणि त्यांना वैराग्य झाले.

लेखनातही समाज मागे नव्हता. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांचे शिष्य रामचंद्र आणि गुणचंद्र यांनी 'नाट्यदर्पण' हा नाट्यशास्त्रावरील ग्रंथ रचला. यशःपालाच्या 'मोहराजपराजया'त राजा कुमारपालाच्या धर्मजीवनाचे रूपकात्मक नाट्य आहे. दक्षिणेत दिगंबर कवी हस्तिमल्लाने 'विक्रांतकौरव' आणि 'अंजनापवनंजय' ही नाटके लिहिली. वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) येथील ग्रंथभांडारांनी जुनी हस्तलिखिते जपली आणि कारंजा जैन ग्रंथमालेने पुष्पदंतांची अपभ्रंश काव्ये प्रकाशात आणली. १९१८ साली तेथेच महावीर ब्रह्मचर्याश्रम हे गुरुकुल स्थापन झाले. ज्या भूमीत ग्रंथ आणि गुरुकुल दोन्ही आहेत, तेथे कथानकांची वाण पडू नये.

दोन भावांची कथा

पार्श्वचरित्राचे नाट्य बहुधा पाळणा, स्वप्ने आणि मेरूवरील अभिषेक येथेच थांबते. त्या कथेचा खरा नाट्यगर्भ मात्र दहा भवांपूर्वी आहे. पोदनपूरच्या राजा अरविंदाच्या दरबारी दोन भाऊ होते, कमठ आणि मरुभूती. थोरल्याने दुराचार केला व त्यास देशोधडीस लागावे लागले. धाकटा क्षमा मागण्यासाठी त्याच्याकडे गेला. पायांवर मस्तक ठेवून वाकलेल्या त्या भावावर थोरल्याने शिळा घातली. तेथून वैर सुरू झाले. एका बाजूला ते भवामागून भव वाढत गेले, तर दुसऱ्या बाजूला क्षमा वाढत गेली. शेवटी मरुभूतीचा जीव पार्श्वनाथ झाला. कमठाच्या जीवाने घोर उपसर्ग केला, तेव्हा धरणेंद्र-पद्मावतींनी छत्र धरले. उपसर्ग करणारा आणि छत्र धरणारा या दोघांविषयीही भगवंतांच्या ठिकाणी समभावच होता.

व्यापारी कुटुंबांना ही कथा समजावून सांगावी लागत नाही. एका पेढीच्या दोन पाट्या झालेल्या, एका वाड्यात दोन जिने उठलेले आणि संवत्सरीला गावभर 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणत फिरूनही सख्ख्या भावाच्या उंबऱ्याशी पाऊल अडणारे, असे चित्र कोणत्या गावात नाही? प्रवचनातून ऐकलेला उपदेश शेजाऱ्यासाठी आहे असे समजून घेण्याची माणसाला सवय असते. परंतु स्वतःचा मुलगा मरुभूती होऊन वाकतो आणि चुलतभाऊ कमठ होऊन शिळा उचलतो, तेव्हा पहिल्या रांगेत बसलेल्या दोन वडिलांना नजर वळविण्यास जागा उरत नाही. समाजाच्या नाट्याचे सामर्थ्य येथे आहे.

प्रयोग करताना

अशा प्रयोगांसाठी काही पथ्ये पाळणे इष्ट. तीर्थंकरांची भूमिका कोणत्याही मुलाला देऊ नये. पंचकल्याणक महोत्सवातही इंद्र-इंद्राणी, माता-पिता यांची पात्रे श्रावक होतात, पण भगवंतांच्या जागी प्रतिमाच असते. रंगमंचावर तेथे प्रकाशझोत किंवा निवेदकाचा आवाज पुरेसा होतो आणि प्रेक्षकांच्या कल्पनेला वाव मिळतो.

महोत्सवातील पात्रे पुष्कळदा बोलीने ठरतात. त्यामागे दानाची भावना आहे, तिचा आदरच करावा. मुलांच्या नाटकात मात्र बोली येऊ नये. ज्याचा आवाज पोचतो आणि जो तालमीला वेळेवर येतो, त्याला भूमिका मिळावी. मग त्याचे वडील पेढीचे धनी असोत वा त्याच पेढीवरील मुनीम. आपली किंमत पैशावाचूनही ठरते, हे मुलाला एकदा तरी अनुभवास यावे.

रात्रिभोजन वर्ज्य करणाऱ्या घरांची सोय पाहून प्रयोग दुपारी ठेवावा, म्हणजे वृद्धांनाही थंडीत त्रास होत नाही. भाषा सोपी मराठी असावी. बघेरवाल, सैतवाल, कासार, खंडेलवाल, ओसवाल अशा निरनिराळ्या घरांतील मुलांना जोडणारी तीच भाषा आहे आणि गावातील इतर समाजाचे लोकही मग आनंदाने येतात. दुसऱ्याचे नाटक करावयाचे असल्यास लेखकाची अनुमती घ्यावी. लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे हा हक्क राहतो. न विचारता उचललेले नाटक अचौर्य अणुव्रतात बसत नाही.

मंडप, ध्वनी, दिवे, वेषभूषा आणि अल्पोपाहार यांचा जमाखर्च मुलांनीच ठेवावा. पावत्या जपाव्यात, दोन स्वाक्षऱ्यांशिवाय रक्कम उचलू नये आणि प्रयोगानंतर महिन्याच्या आत हिशेब संघापुढे वाचून दाखवावा. पुढे ज्यांना पेढी सांभाळायची आहे, त्यांच्यासाठी याहून चांगली उमेदवारी नाही.

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा या सहाही तालुक्यांतील तरुण आज शिक्षण व नोकरीसाठी बाहेर आहेत. नाताळच्या सुटीत ते चार-सहा दिवस गावी येतात आणि बहुतेक वेळ हातातील मोबाइलमध्ये जातो. त्यांच्याकडून संहिता लिहून घ्यावी, धाकट्यांच्या तालमी त्यांच्यावर सोपवाव्यात. दुरून येणाऱ्यालाही मग गावात आपले काही काम आहे असे वाटते. आणि प्रयोगाच्या दुपारी, आवक कितीही असो, दुकानाचे शटर दोन तासांसाठी खाली ओढावे. त्या दोन तासांची विक्री दुसऱ्या दिवशी भरून निघते.