उमेदवार आले, आमची चिठ्ठी राहिली
विधानसभेच्या वेळी कॉलेजात उमेदवारांची चर्चा झाली. बडनेऱ्याहून आम्ही सहा जण गेलो. प्रश्न आधीच चिठ्ठीवर द्यायचे होते. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांचे ‘स्वाधार’चे पैसे उशिरा का येतात, ही आमची चिठ्ठी वाचलीच नाही. रस्ते आणि विमानतळावर तास संपला. टाळ्या मात्र भरपूर!

चिठ्ठ्या निवडणारे आमचे प्रतिनिधी नव्हते. १९९४च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत थेट निवडणुकीऐवजी गुणांवर नेमणूक आली. २०१६च्या कायद्याने निवडणुका परत आणल्या, पण २०१९ मध्ये विधानसभेचं कारण देऊन त्या पुढे ढकलल्या. म्हणजे १८ वर्षांचा मुलगा आमदार निवडतो, वर्गप्रतिनिधी नाही. बाबासाहेबांनी तर १९५६ मध्ये मुंबईत राजकारण शिकवणारी शाळाच काढली होती.

पुढच्या वेळी उभं राहूनच विचारायचं, असं परतीच्या ऑटोत ठरलं.