घरच्या घरी इंग्रजीचा ऑनलाइन वर्ग

आपल्या भागातील अनेक मुलेमुली आज पदवीपर्यंत मजल मारतात, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु स्पर्धा परीक्षेचा विषय निघाला आणि त्यात इंग्रजी आहे असे कळले की त्यांचा हात थबकतो. बँकेतील लिपिक पदाच्या आयबीपीएस पूर्वपरीक्षेत १०० पैकी ३० गुण इंग्रजीचे असतात. आम्ही स्वतः बँकेत लिपिक असल्याने या ३० गुणांचे मोल जाणतो. शिकवणीसाठी डोंगरकड्याहून रोज नांदेड गाठावे, तर बसभाडे, वेळ आणि मुलींच्या बाबतीत घरच्यांची काळजी, अशा तीन अडचणी उभ्या राहतात. दुसरीकडे, बी.ए., एम.ए. होऊन घरी असलेल्या भगिनी व शहरात नोकरी करणारे बांधव आपल्यातच आहेत. त्यांनी घरातून शिकवावे व मुलांनी घरातून शिकावे, यासाठी काय तयारी लागते ते येथे सांगत आहोत.

या कामाला इमारत लागत नाही. १९९९ साली दिल्लीच्या कालकाजी भागात भिंतीत संगणक बसवून प्रयोग करणारे डॉ. सुगत मित्रा यांनी पुढे इंग्लंडमधील आजीबाईंना भारतातील मुलांशी संगणकावरून इंग्रजीत बोलते केले. २०१३ साली त्यांना टेड पारितोषिक मिळाले व त्यातून उभ्या राहिलेल्या केंद्रांपैकी एक आपल्या महाराष्ट्रात, फलटणला होते. तेथील मुलांशी बोलणाऱ्या आजीबाई आपापल्या घरातच बसलेल्या असत.

उजेड : इंग्रजी उच्चार कानाइतकाच डोळ्यांनी शिकावा लागतो. मराठीत आपण एकाच 'व'वर भागवतो. इंग्रजीत 'व्ही' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, तर 'डब्ल्यू'ला ओठ गोल होतात. हा फरक दिसायचा तर शिक्षकाच्या तोंडावर उजेड हवा. म्हणून खिडकी पाठीमागे न ठेवता समोर ठेवावी. रात्री बल्बही समोरच, डोक्याच्या थोडा वर असावा. मोबाईल हातात न धरता धान्याच्या डब्यावर किंवा पुस्तकांच्या चळतीवर डोळ्यांच्या उंचीला टेकवावा.

आवाज : रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. समोरच्या व मागच्या भिंतीवर एकेक गोधडी टांगली व खाली सतरंजी अंथरली की तो बराच निवळतो. पत्र्याच्या घरात पावसाळ्यात काहीच ऐकू येत नाही. तेथे तारेचा, माईक असलेला इअरफोन हाच उपाय आहे. तासाच्या वेळी टीव्ही व मिक्सर बंद राहील, हे घरच्यांशी आधीच ठरवावे.

नेट व वीज : चित्रासह एका तासाला साधारण अर्धा ते दीड जीबी डेटा लागतो, तर केवळ आवाजाला शंभर एमबीही लागत नाही. म्हणून नेट मंदावले की तास बंद न करता चित्र बंद करावे. घरात कोठे नेट चांगले मिळते ते दोन-तीन दिवस पाहून मगच बसण्याची जागा ठरवावी. राउटर असल्यास त्याच्या व्होल्टला जुळणारा छोटा यूपीएस घ्यावा. नसल्यास मोबाईल पूर्ण चार्ज करून बसावे. झूमची फुकट बैठक ४० मिनिटांत संपते, तेव्हा पाठही तेवढ्याच वेळाचा आखावा.

फळा : चकाकणाऱ्या पांढऱ्या फळ्यावर दिव्याची तिरीप पडते व अक्षर पुसट दिसते. त्यापेक्षा काळा फळा व ठळक खडू बरा. एका वेळी चार-पाच शब्दांपेक्षा जास्त लिहू नये.

मुलगी शिकत असेल तेव्हा दार उघडे ठेवावे व घरातील कोणी जवळपास असावे. पालकांनी आठवड्यातून एकदा शिक्षकाशी बोलावे. एका तासात सहाहून अधिक मुले घेऊ नयेत, कारण प्रत्येकाने तोंड उघडून बोलले तरच इंग्रजीची भीती जाते.

ज्या घरात मोबाईल एकच आहे व तोही वडिलांबरोबर शेतावर जातो, तेथील मुलाचे काय, हा प्रश्न उरतोच. अशा दोन-तीन मुलांना ज्या घरी मोबाईल असेल त्यांनी आपल्या ओसरीवर बसवून घ्यावे. संस्थेनेही या कामी दोन इअरफोन व एक फळा दिला, तर तो खर्च सार्थकी लागेल. विद्यार्थी मित्रांनो, आपल्या घरातील एक कोपरा आजच मोकळा करा.