सीताबर्डी परिसरातील किरकोळ औषधविक्री व्यवसाय

सीताबर्डी परिसरातील किरकोळ औषधविक्री व्यवसाय हा नागपूर शहराच्या आरोग्यसेवा क्षेत्राचा एक उपविभाग आहे. सीताबर्डी, तसेच तिला लागून असलेल्या धंतोली व रामदासपेठ या वस्त्यांमधील औषधदुकानांचा त्यात समावेश होतो. खाजगी रुग्णालये, दवाखाने, निदान केंद्रे आणि शहराची मुख्य बाजारपेठ एकमेकांच्या निकट असल्यामुळे हा व्यवसाय येथे केंद्रित झाला. वस्तूची किंमत, तिची निवड आणि ग्राहकाची गरज या तिन्ही बाबी विक्रेत्याच्या हाती फारशा नसणे, हे या व्यवसायाचे प्रमुख वैशिष्ट्य होय. प्रस्तुत लेखात त्याच्या व्यावसायिक पर्यावरणाचे, म्हणजेच त्यावर बाहेरून परिणाम करणाऱ्या कायदेशीर, आर्थिक, सामाजिक व तांत्रिक घटकांचे विवेचन केले आहे.

पार्श्वभूमी

नागपूरकर ज्या भागाला नुसते 'बर्डी' म्हणतात, तो सीताबर्डीच्या टेकडीच्या व किल्ल्याच्या पायथ्याशी वसला आहे. नोव्हेंबर १८१७ मध्ये नागपूरकर भोसले आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यातील लढाई याच टेकड्यांवर झाली. १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना होऊन नागपूर त्याची राजधानी झाल्यावर शासकीय कचेऱ्या व जुने शहर यांच्या मध्ये असलेल्या बर्डीचे व्यापारी महत्त्व वाढले.

आधुनिक वैद्यकसेवेची येथील परंपराही जुनी आहे. स्कॉटिश मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्त्रियांसाठी सुरू केलेले मूर मेमोरियल रुग्णालय याच भागात आहे. कमलाबाई होस्पेट व वेणूताई नेने यांनी १९२१ मध्ये स्थापन केलेल्या मातृसेवा संघाचे सीताबर्डीतील सूतिकागृह विदर्भातील अनेक कुटुंबांच्या परिचयाचे आहे. शहरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ मध्ये सुरू झाले. त्यातून शिकून बाहेर पडलेल्या डॉक्टरांपैकी अनेकांनी पुढे धंतोली व रामदासपेठेत स्वतःची रुग्णालये काढली. नागपुरात 'मेडिकल' हा शब्द आजही प्रथम या महाविद्यालयाच्या रुग्णालयासाठी वापरला जातो. औषधाच्या दुकानालाही 'मेडिकल'च म्हणतात, आणि अर्थ संदर्भाने समजून घ्यावा लागतो.

पूर्वी बहुतेक दवाखान्यांत औषध तेथेच मिळत असे. कंपाउंडर मिश्रण तयार करून ते बाटलीत भरी आणि मात्रा कळावी म्हणून बाटलीला कातरलेली कागदी पट्टी चिकटवी. तयार गोळ्या, कॅप्सूल व इंजेक्शने यांचा प्रसार झाल्यावर औषध देण्याचे काम दवाखान्यातून दुकानाकडे सरकले. दुकानदार हा औषध बनविणारा न राहता मुख्यतः विकणारा झाला. आजच्या व्यवसायाच्या अनेक अडचणींचे मूळ या बदलात आहे.

विश्लेषणाची चौकट

व्यवसायाच्या बाह्य परिस्थितीचे पद्धतशीर निरीक्षण करण्याची संकल्पना फ्रान्सिस अग्विलार यांनी १९६७ मध्ये मांडली. तिच्यातून राजकीय, आर्थिक, सामाजिक, तांत्रिक व कायदेशीर घटकांचा स्वतंत्र विचार करण्याची रीत रूढ झाली. मायकेल पोर्टर यांनी १९७९ मध्ये स्पर्धेला आकार देणारी पाच बले सांगितली: प्रचलित स्पर्धक, नवागत, पर्यायी वस्तू, पुरवठादार आणि ग्राहक.

औषधविक्रीला ही चौकट लावताना एक अडचण येते. सामान्य बाजारात वस्तू निवडणारा, तिचे मूल्य देणारा आणि ती वापरणारा मनुष्य बहुधा एकच असतो. येथे औषध डॉक्टर निवडतो, पैसे रुग्णाचे नातेवाईक देतात आणि गोळी रुग्ण घेतो. त्यामुळे 'ग्राहकाचे बल' नेमके कोणाचे, हा प्रश्न प्रत्येक टप्प्यावर उपस्थित होतो.

कायदेशीर घटक

औषधविक्रीचे नियमन प्रामुख्याने औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आणि त्याखालील १९४५ चे नियम यांनी होते. महाराष्ट्रात अंमलबजावणीची जबाबदारी अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. किरकोळ विक्रीसाठी सर्वसाधारणपणे नमुना २० व नमुना २१ मधील परवाने लागतात. दुकानाचे क्षेत्रफळ किमान १० चौरस मीटर असावे लागते. घाऊक व किरकोळ असे दोन्ही व्यवहार एकाच जागी करावयाचे असल्यास ते किमान १५ चौरस मीटर लागते. बर्डीसारख्या महागड्या जागेच्या भागात ही अट नव्या व्यावसायिकाला प्रथमच विचारात पाडते.

फार्मसी अधिनियम, १९४८ नुसार नोंदणीकृत औषधनिर्मात्याशिवाय अन्य कोणी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध देऊ शकत नाही. अनुसूची 'एच'मधील औषधे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. प्रतिजैविकांच्या अनिर्बंध वापराला आळा बसावा म्हणून अनुसूची 'एच-१' तयार करण्यात आली व ती १ मार्च २०१४ पासून लागू झाली. तिच्यातील औषधे विकताना डॉक्टर, रुग्ण, औषध व प्रमाण यांची स्वतंत्र नोंदवहीत नोंद करून ती ३ वर्षे जपावी लागते.

पर्यायी औषधासंबंधीचा नियम व्यवसायाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा ठरतो. १९४५ च्या नियमांतील नियम ६५ नुसार, चिठ्ठीत लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरे औषध देण्याची विक्रेत्याला मुभा नाही, मग त्यात तोच घटक असला तरीही. म्हणजेच महागड्या ब्रँडची चिठ्ठी आली असता त्याच घटकाची स्वस्त गोळी दुकानात असूनही केवळ रुग्णाच्या विनंतीवरून ती देणे नियमबाह्य होते.

किमतीचे नियंत्रण

औषध (किंमत नियंत्रण) आदेश, २०१३ अन्वये राष्ट्रीय आवश्यक औषध सूचीतील औषधांची कमाल किंमत राष्ट्रीय औषधी किंमत निर्धारण प्राधिकरण ठरवते. हे प्राधिकरण १९९७ मध्ये स्थापन झाले. २०२२ च्या सूचीत ३८४ औषधे आहेत. बाजारात किमान १ टक्का वाटा असलेल्या ब्रँडांच्या किमतींची सरासरी काढून तीत किरकोळ विक्रेत्याचा १६ टक्के नफा मिळवला की कमाल किंमत निघते. घाऊक किंमत निर्देशांकानुसार ती दरवर्षी बदलते. निर्देशांकातील हा बदल २०२२ मध्ये १०.७७ टक्के, २०२३ मध्ये १२.१२ टक्के, तर २०२४ मध्ये अवघा ०.००५५१ टक्के होता. सूचीबाहेरील औषधांची किंमत उत्पादक वर्षाला जास्तीत जास्त १० टक्क्यांनी वाढवू शकतो. या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला २० टक्के व घाऊक विक्रेत्याला १० टक्के नफा देण्याचा व्यापारी प्रघात आहे.

या आकड्यांचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. सूचीतील एखादे औषध विक्रेत्याला १०० रुपयांस पडले, तर कर वगळून त्याची कमाल किंमत ११६ रुपये होते. विक्रेत्याचा नफा १६ रुपये, म्हणजे विक्रीकिमतीच्या सुमारे १३.८ टक्के. या किमतीवर कोणी २० टक्के सूट देऊ लागला, तर सुटीची रक्कम २३ रुपये २० पैसे होते. ती विक्रेत्याच्या संपूर्ण नफ्याहून अधिक आहे. अशी सूट देणाऱ्याला एकतर औषध अधिक स्वस्त मिळालेले असते, किंवा तो काही काळ तोटा सोसत असतो. जागेचे भाडे, औषधनिर्मात्याचे वेतन, शीतकपाटाचे वीजबिल आणि मुदत संपलेल्या मालाचे नुकसान हे सारे याच १६ रुपयांतून भागवायचे असते.

वस्तू व सेवा कराच्या बाबतीत, २०१७ पासून बहुसंख्य औषधांवर १२ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के करण्यात आला. त्याचा लाभ रुग्णाला होतो. विक्रेत्याच्या नफ्याचे प्रमाण त्यामुळे बदलत नाही.

जेनेरिक औषधांचा प्रश्न

केंद्र शासनाची जनऔषधी योजना २००८ मध्ये सुरू झाली. या केंद्रांत ब्रँडच्या तुलनेत पुष्कळ कमी किमतीत औषधे मिळतात आणि केंद्रचालकाला किमतीच्या २० टक्के नफा मिळतो. प्रमाण चांगले असले, तरी रक्कम लहान असते. २० रुपयांच्या औषधावर ४ रुपये मिळतात, तर सूचीबाहेरील १०० रुपयांच्या ब्रँडवर सुमारे २०. टक्केवारीवर आधारलेल्या नफ्यामुळे महाग औषध विकण्याकडे स्वाभाविक ओढ निर्माण होते. रुग्णाचे हित मात्र नेमके त्याच्या उलट दिशेला असते.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहिणे बंधनकारक करणारे विनियम जारी केले. त्याच महिन्यात ते स्थगित करण्यात आले. या विनियमांवरील एक प्रमुख आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. डॉक्टरने केवळ मूळ नाव लिहिले, तर कोणत्या कंपनीची गोळी द्यायची हे दुकानदार ठरवील. काही जेनेरिक औषधांवरील छापील किंमत खरेदी किमतीच्या कित्येक पट असते. तेव्हा निवडीचा अधिकार डॉक्टरकडून विक्रेत्याकडे गेल्याने औषध आपोआप स्वस्त होईल असे नाही. गुणवत्तेची खात्री आणि नफ्याची रचना या दोन्ही गोष्टी सोबत बदलणे आवश्यक ठरते.

स्थान व सामाजिक घटक

बर्डीतील विक्रेत्याचे खरे भांडवल म्हणजे जागा. नागपुरात उपचारांसाठी विदर्भातील जिल्ह्यांतून, तसेच मध्य प्रदेशातील छिंदवाडा, शिवनी, बालाघाट व बैतूल या भागांतून रुग्ण येतात. रेल्वेस्थानक, मोरभवन येथील शहर बसस्थानक आणि मेट्रोचे सीताबर्डी स्थानक येथून जवळ आहे. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका याच स्थानकावर एकमेकींना मिळतात. डॉक्टरांना दाखवून परतीची गाडी गाठणारा रुग्ण वाटेवरच्या दुकानातून महिन्याभराची औषधे नेतो. गावी ती मिळतील की नाही, याची त्याला खात्री नसते.

बर्डीचे जुने रहिवासी आणि आसपासचे निवृत्त लोक हा दुसरा ग्राहकवर्ग. रक्तदाब व मधुमेहाची औषधे त्यांना आयुष्यभर लागतात. ओळखीचा दुकानदार उधारी ठेवतो, पूर्ण पट्टी परवडत नसल्यास मोजक्या गोळ्या कापून देतो, डॉक्टरांचे अक्षर लावून देतो आणि दोन चिठ्ठ्यांत एकच औषध दोन नावांनी आले असल्यास ते लक्षात आणून देतो. या सेवेचे वेगळे मूल्य बिलात कोठेही लागत नाही.

स्थानाचे तोटेही आहेत. अरुंद रस्ते, फेरीवाले आणि वाहने उभी करण्यास जागा नसणे यांमुळे ग्राहक टाळाटाळ करतो. धंतोलीतील रुग्णालयांभोवतीच्या वाहतुकीचा व वाहनतळाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला आहे. मिहान परिसरातील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आणि वर्धा मार्गावरील नवी रुग्णालये यांमुळे रुग्णांचा ओघही काही अंशी शहराच्या दक्षिणेकडे वळला आहे. मोठ्या रुग्णालयांची स्वतःची औषधदुकाने आतच असतात, त्यामुळे दाखल रुग्णाची चिठ्ठी फाटकाबाहेर येण्याचे प्रमाण कमी होते.

तंत्रज्ञान व नवी स्पर्धा

ऑनलाइन औषधविक्रीसाठी केंद्र शासनाने ऑगस्ट २०१८ मध्ये नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विनापरवाना ऑनलाइन विक्रीस अंतरिम मनाई केली. देशभरातील औषधविक्रेत्यांनी या विक्रीच्या विरोधात १४ ऑक्टोबर २०१५ व २८ सप्टेंबर २०१८ रोजी बंद पाळला. पुढे कोविड साथीत, २६ मार्च २०२० च्या अधिसूचनेने परवानाधारक दुकानांना त्याच महसुली जिल्ह्यात घरपोच औषधे देण्याची परवानगी मिळाली. मोठे उद्योगसमूह याच सुमारास क्षेत्रात उतरले: रिलायन्सने २०२० मध्ये नेटमेड्समध्ये, तर टाटा समूहाने २०२१ मध्ये वनएमजीमध्ये बहुसंख्य हिस्सा घेतला.

एप्रिल २०२१ मधील दुसऱ्या लाटेत रेमडेसिविर इंजेक्शनाचा तीव्र तुटवडा झाला आणि नागपूर खंडपीठाने पुरवठ्याबाबत शासनाला आदेश दिले. त्या काळात हे औषध जिल्हा प्रशासनामार्फत थेट रुग्णालयांना वाटले गेले. टंचाईच्या काळात पुरवठ्याची साखळी दुकानदाराला वगळूनही चालू शकते, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले.

स्पर्धेचे दुसरे अंग संघटनेशी निगडित आहे. घाऊक विक्रेता नेमण्यापूर्वी विक्रेत्यांच्या संघटनेचे ना-हरकत पत्र मागण्याची प्रथा भारतीय स्पर्धा आयोगाने २०१३ मधील निर्णयात स्पर्धाविरोधी ठरवली. लहान दुकानदार स्वतःला मोठ्या कंपन्यांच्या तुलनेत दुर्बल मानतो. तथापि त्याची संघटना नवागतासाठी प्रबळ अडथळा ठरू शकते, हे या निर्णयातून दिसून येते.

मूल्यमापन

पाच बलांच्या भाषेत सांगायचे तर या व्यवसायात पुरवठादार प्रबळ आहे, कारण ब्रँड त्याचा असतो. निवड करणारा डॉक्टर व्यवहाराच्या बाहेर राहतो. किमतीच्या बाबतीत रुग्ण दुर्बल असतो, परंतु दुकान बदलणे त्याला सहज शक्य असते. ऑनलाइन कंपन्या, रुग्णालयांतर्गत दुकाने व जनऔषधी केंद्रे ही नवागत म्हणून तीन दिशांनी येतात. विक्रेत्याच्या स्वाधीन उरतात त्या जागा, साठ्याची निवड आणि विश्वास या तीन गोष्टी.

सूट देण्याच्या स्पर्धेत लहान दुकान टिकू शकत नाही, हे वरील हिशेबावरून उघड आहे. तातडीची औषधे, २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागणारी इन्सुलिन व लसींसारखी औषधे, आणि वृद्ध रुग्णांना औषधे समजावून देण्याचे काम या बाबतींत निकटच्या दुकानाचे स्थान अद्याप टिकून आहे. फार्मसी अधिनियमाने नोंदणीकृत औषधनिर्माता अनिवार्य केला तो याच कामासाठी. प्रत्यक्षात त्याच्या ज्ञानाला मोबदला नाही आणि विकलेल्या पट्टीवर आहे. ही विसंगती दूर होईपर्यंत स्वस्त औषध देणारा दुकानदार स्वतःचे उत्पन्न घटवूनच ते देत राहील.

हेही पाहा

सीताबर्डीचा किल्ला
मातृसेवा संघ
जनऔषधी योजना
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र