तिसरीचे वर्ष

जूनच्या मध्यास शाळा उघडतात आणि ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात त्याच सुमारास पाऊसही स्थिरावतो. पहिल्या दिवशी सर्वांचे लक्ष असते ते पहिलीच्या वर्गाकडे. नव्या मुलांना फुले दिली जातात, पाठ्यपुस्तके वाटली जातात, प्रवेशोत्सवास सरपंच व सदस्य उपस्थित राहतात. पाचवीच्या वर्गाला वार्षिक परीक्षेचे वजन असते. मधल्या तिसरीच्या वर्गाकडे मात्र कोणी वळून पाहत नाही. वस्तुतः प्राथमिक शिक्षणाच्या पहिल्या पाच वर्षांत ज्या वर्षावर पुढचे सारे अवलंबून असते, ते हेच वर्ष होय. पहिली-दुसरीत मूल वाचावयास शिकते; चौथीपासून त्याला वाचून शिकावे लागते. या दोहोंमधला ओढा तिसरीत ओलांडावयाचा असतो. आणि ठाणे जिल्ह्यातील काही मुले नेमकी याच ओढ्याच्या मध्यावर शाळा सोडून जातात.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकाराचा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षात किमान २०० कामाचे दिवस व ८०० तास अध्यापन झाले पाहिजे, असे त्याच्या अनुसूचीत नमूद आहे. ८०० तास ही संख्या मोठी वाटते. परंतु मराठी, इंग्रजी, गणित, परिसर अभ्यास, कला, कार्यानुभव व शारीरिक शिक्षण यांत ती विभागली, आणि पटसंख्या ६० पर्यंत असलेल्या शाळेत दोनच शिक्षक असतात हे लक्षात घेतले, म्हणजे तिसरीच्या मुलाच्या वाट्यास शिक्षकांचे प्रत्यक्ष लक्ष किती येते याचा अंदाज करता येतो. द्विशिक्षकी शाळेत एका बाजूस चौथीला शिवरायांचा इतिहास शिकविला जात असता दुसऱ्या बाजूस तिसरीने वजाबाकी करावयाची असते. तिसरीची मुले वजाबाकी सोडून इतिहास ऐकत बसतात, हे कोणताही शिक्षक सांगेल. त्यांना दोष तरी कसा द्यावा!

वाचनाचा वेग आणि जोडाक्षरे

केंद्र शासनाने ५ जुलै २०२१ रोजी निपुण भारत अभियान सुरू केले. तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला २०२६-२७ पर्यंत मूलभूत वाचन, लेखन व अंकज्ञान यावे, हे त्याचे उद्दिष्ट आहे. पहिलीच्या अखेरीस चार-पाच सोप्या शब्दांची वाक्ये वाचता यावीत. दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द अर्थासह वाचता यावेत, अशा पायऱ्या त्यात ठरविण्यात आल्या आहेत.

मिनिटाला ६० शब्द म्हणजे सेकंदाला एक शब्द. वाचनाला असे घड्याळ लावणे काहींना यांत्रिक वाटते. तथापि त्यामागील कारण साधे आहे. मूल एकेक अक्षर जुळवीत वाक्याच्या शेवटास पोहोचते तेव्हा वाक्याचा आरंभ त्याच्या ध्यानातून निसटलेला असतो. अक्षरे सर्व वाचली, अर्थ मात्र हाती आला नाही, अशी अवस्था होते. वाचन पुरेसे सहज झाल्यावाचून लक्ष अर्थाकडे वळत नाही.

मराठीत ही सहजता येण्याच्या आड जोडाक्षरे उभी असतात. एकटा ‘र’ घेतला तरी ‘सूर्य’ या शब्दात तो डोक्यावर चढतो, ‘चक्र’मध्ये पायाशी तिरका होतो, ‘राष्ट्र’मध्ये खाली टोपीसारखा बसतो आणि ‘दुसऱ्या’मध्ये आडवी रेघ होऊन पुढील अक्षराला चिकटतो. मोठ्या माणसाला हे कधी जाणवतही नाही. तिसरीच्या पुस्तकात मात्र उतारे लांबतात, जोडाक्षरे दाटीने येऊ लागतात, आणि पहिली-दुसरीत चित्रांच्या आधाराने ‘वाचणारे’ मूल येथे उघडे पडते. त्यातच घरी कातकरी, वारली वा आगरी बोलणाऱ्या मुलास पुस्तकातील मराठीचे कित्येक शब्दही प्रथमच भेटत असतात. अक्षर नवे आणि शब्दही नवा, अशी दुहेरी चढण त्याला चढावी लागते.

त्रेसष्टची अडचण

गणितात तिसरीच्या अखेरीस ९९९९ पर्यंतच्या संख्यांचे वाचन-लेखन व गुणाकाराची सोपी उदाहरणे यावीत, अशी अपेक्षा आहे. हातच्याची बेरीज, हातचा घेऊन वजाबाकी, पाढे, मग गुणाकार, मग समान वाटणीतून भागाकार, आणि अर्धा-पाव-पाऊण यांतून अपूर्णांकाची ओळख, असा वर्षाचा सर्वसाधारण क्रम असतो. हा क्रम पुस्तकांच्या आवृत्त्यांनी फारसा बदलत नाही, कारण तो विषयाच्या स्वभावातूनच आलेला आहे. वजाबाकी न येणाऱ्यास भागाकार येणार नाही.

मराठी मुलापुढे आणखी एक अडचण असते. ‘त्रेसष्ट’ हा शब्द ऐकताना त्याला आधी तीन ऐकू येतात व नंतर साठ. लिहिताना मात्र आधी सहा व नंतर तीन लिहावे लागतात. परिणामी पुष्कळ मुले ३६ लिहून मोकळी होतात. एकोणतीस, एकोणचाळीस या संख्या तर पुढच्या दशकातून एक उणा करून सांगितल्या जातात, आणि शेवटी नव्व्याण्णव पुन्हा वेगळ्याच वाटेने जातात. कन्नड व तेलुगू भाषांत साठ आधी व तीन नंतर बोलले जातात. तेथील मुलास हा उलटा हिशेब करावा लागत नाही. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात त्रेसष्टच्या जोडीने ‘साठ तीन’ असे वाचन दिले, ते याच कारणाने. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागील भूमिका त्या वेळी समजावून सांगितली होती. जुने संख्यानाम काढून टाकलेले नव्हते. तरीही मोठे वादळ उठले. वादात भाषेच्या अभिमानाची चर्चा पुष्कळ झाली. ३६ लिहिणाऱ्या मुलाची त्या मानाने कमी झाली.

आपला जिल्हा

तिसरीत परिसर अभ्यासाचा आवाका घर, शाळा व गाव यांच्या पलीकडे जातो आणि मूल प्रथमच नकाशावर आपला जिल्हा पाहते. २०१४ च्या अभ्यासक्रमात बालभारतीने या इयत्तेसाठी परिसर अभ्यासाची पुस्तके जिल्हावार वेगळी काढली. त्याच वर्षी, १ ऑगस्ट रोजी, ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेत १ कोटी १० लाखांवर लोकसंख्या असलेला, देशात सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा १५ तालुक्यांवरून ७ तालुक्यांवर आला : ठाणे, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, भिवंडी, मुरबाड व शहापूर. डहाणू-जव्हारची नावे पाठ करून मोठ्या झालेल्या पालकांनी मुलाला अभ्यासात मदत करताना थोडे जपूनच बोलावे लागले.

सातच तालुके असले तरी शिकण्यास सामग्री विपुल आहे. १८५३ मध्ये बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी आगगाडी ठाण्यापर्यंत आली व पुढल्याच वर्षी लोहमार्ग कल्याणला पोहोचला. अंबरनाथचे शिवालय १०६० मधील शिलाहारकालीन आहे. कल्याण १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी जिंकले व खाडीकाठी जहाजबांधणीस आरंभ केला. दुर्गाडी किल्ला कल्याणच्या मुलास चालत जाऊन पाहता येतो. शहापूर तालुक्यातील भातसा व तानसा धरणांचे पाणी मुंबईला जाते आणि त्याच तालुक्यातील काही पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. हा पाठ पुस्तकात कसा मांडावा हा प्रश्न आहे, पण मुलाला तो पुस्तकावाचूनही ठाऊक असतो. डोंबिवलीतील मूल रोज वडिलांना लोकल पकडताना पाहते, भिवंडीतील मूल यंत्रमागाच्या आवाजात अभ्यास करते. आणि काही मुलांना जिल्ह्याचा नकाशा पायांनी माहीत असतो. ती वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांतील मुले होत.

दोन दिनदर्शिका

शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होऊन एप्रिलमध्ये संपते. भट्टीचे वर्ष दिवाळीनंतर सुरू होते व पावसापूर्वी संपते. भातकापणी आटोपली की मुरबाड, शहापूर व शेजारच्या तालुक्यांतील कातकरी कुटुंबे मालकाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी भिवंडी, कल्याण व शहापूरच्या भट्ट्यांवर जातात. नवरा-बायको मिळून काम असते. लहान भावंडे सांभाळणे व विटा फिरवणे ही कामे आठ-नऊ वर्षांच्या मुलीकडे आपसूक येतात. वेठबिगारीस प्रतिबंध करणारा अधिनियम १९७६ पासून लागू आहे. पण उचलीचा व्यवहार आजही चालू आहे.

अशा मुलीचे तिसरीचे वर्ष जून ते दिवाळी एवढेच असते. ती हातच्याच्या वजाबाकीपर्यंत येते. भागाकार व पाव-पाऊण ती गेल्यानंतर शिकविले जातात. जोडाक्षरे निम्मी झालेली असतात. तिसरी-चौथीच्या मूल्यमापनात आकारिक मूल्यमापनास ६० व संकलित मूल्यमापनास ४० टक्के भारांश आहे. दुसऱ्या सत्राच्या आकारिक नोंदी तिच्या नावापुढे कोऱ्याच राहतात. दुपारच्या शाळेतील भोजनासही ती मुकते. जूनमध्ये परतल्यावर तिला चौथीत बसविले जाते, कारण या वर्गात कोणास मागे ठेवता येत नाही. हे योग्यच आहे. मागे ठेवल्याने भागाकार आला असता असे नाही. परंतु पहिलीपासून चौथीपर्यंत प्रत्येक दिवाळीनंतर असेच घडत गेल्यास चार वर्षांपैकी सुमारे दोनच वर्षे शाळा तिच्या वाट्यास येते. हजेरीपटावर मात्र चार वर्षे दिसतात.

मूल शाळेत येऊ शकत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा विचार याच भूमीत रुजलेला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे त्यांनी व अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम उभारले. मुले पाड्यावरून येत नाहीत तेव्हा अंगणवाडी पाड्यावर गेली. मुले गुरे घेऊन कुरणात जातात तेव्हा कुरणशाळा कुरणात भरली. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवर भोंगाशाळा चालविल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरील मजुराची झोपडी. ठाणे शहरात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ मध्ये समर्थ भारत व्यासपीठाने महानगरपालिकेच्या सहकार्याने सिग्नल शाळा उघडली, तीही याच कुळातील.

२००९ च्या अधिनियमाने मात्र ही जबाबदारी स्वयंसेवी संस्थांच्या उत्साहावर सोडलेली नाही. स्थलांतरित कुटुंबांतील बालकांच्या प्रवेशाची निश्चिती करणे हे कलम ९ अन्वये स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. कलम ४ अन्वये मुलास वयानुरूप वर्गात प्रवेश व मागे राहिलेल्या भागासाठी विशेष प्रशिक्षण मिळावयास हवे. कलम ५ अन्वये शाळा बदलताना दाखला तत्काळ द्यावयाचा असून, दाखल्यास उशीर झाला म्हणून नव्या शाळेस प्रवेश नाकारता येत नाही. कल्याण तालुक्यातील भट्टीजवळच्या शाळेने ‘आधी मुरबाडहून दाखला आणा’ असे सांगणे म्हणूनच कायद्याला धरून नाही. गावी आजी-आजोबा असतील तेथे हंगामी वसतिगृहाची सोय मुलाला घरीच ठेवू शकते.

भट्ट्या कोठे आहेत हे शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. वीटमाती हे गौण खनिज असल्याने तिच्या परवानग्यांच्या नोंदी महसूल खात्याकडे असतात. ती यादी हंगामाच्या आरंभी तहसील कार्यालयातून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेली, तर कोणत्या शाळेने कोणत्या भट्टीवर जाऊन मुले मोजावयाची हे आठवड्याभरात ठरू शकते. यादीत न आलेल्या लहान भट्ट्या ग्रामपंचायत सदस्यांना माहीत असतातच.

उरतो तो गावच्या शाळेचा भाग. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडते त्या सकाळी हजेरीपटावर काही नावांपुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो. या एका शब्दाने पुढच्या शाळेस काहीच कळत नाही. शिक्षण हमी कार्ड सुटीपूर्वीच मुलाच्या हाती दिले, त्यावर भट्टीचे गाव लिहिले आणि वर्गशिक्षकांनी खाली दोन ओळी जोडल्या, म्हणजे तेथील शिक्षकास कोठून आरंभ करावयाचा ते समजते : हातच्याची वजाबाकी येते, भागाकार सुरू झालेला नाही, वाचन बरे, जोडाक्षरांपाशी अडते.